कंपायलर कुणाला हाक मारतो

सगळ्या व्हेरिएबलांची नावं प्रोग्रामच्या डोक्यावर लिहा, म्हणजे कुठूनही सापडतील, असं ज्यांनी आम्हाला शिकवलं, त्यांनी आमची तीन वर्षं फुकट घालवली. बदल्यात किस्से मिळाले. मागितले नव्हते, पण पनवेलच्या त्या कॉलेजात प्रॅक्टिकलगणिक एखादा जमा व्हायचाच.

*

दुसऱ्या वर्षी परीक्षेला आलेल्या एक्स्टर्नलनी माझ्या जर्नलमधल्या 'पूजा' नावाच्या व्हेरिएबलवर बोट ठेवलं. "हिचं काम काय?"

काहीच नव्हतं. पुढच्याच्या जर्नलमध्येही पूजा. साठच्या साठ जर्नलांत पूजा.

शेवटी आमचे सर म्हणाले, "असू दे. जुन्या बॅचपासून आहे."

*

शेवटच्या वर्षी हेमांगी, अशफाक आणि मी छोटा कंपायलर, म्हणजे माणसाने लिहिलेला प्रोग्राम मशीनच्या भाषेत नेणारा प्रोग्राम, लिहायला घेतला. प्रोग्रामचे एकात एक कप्पे असतात, ते ब्लॉक. नाव आलं की आधी आतल्या ब्लॉकमध्ये शोधायचं, नाही मिळालं तर बाहेरच्या. सर म्हणाले, "सगळ्या नावांची एकच यादी ठेवा. सुटसुटीत."

हेमांगी करंजा बंदरावरची. वडील तांडेल, बोट त्यांच्या हुकमाने चालते. ती म्हणाली, "सर, बोटीवर 'तांडेल' अशी हाक मारली तर एकटे बाबा वळतात. बंदरावर मारली तर पन्नास जण."

"बोट सिलॅबसमध्ये नाही."

मी भांडायला उठलो. हेमांगीने मला खाली बसवलं आणि प्रत्येक ब्लॉकला वेगळी यादी केली.

*

पहिल्या खेपेला ब्लॉक संपल्यावर त्यातली नावं पुसायची राहिली. संपलेल्या ब्लॉकमधलं नाव बाहेर खुशाल उत्तर देत होतं. अशफाकने आउटपुट वाचलं आणि शांतपणे म्हणाला, "मरहूम हजर आहेत."

दुरुस्तीला चार दिवस लागले. अशफाक रोज हजेरी घ्यायचा.

*

व्हायवाला हेमांगीचं सगळं पणाला लागलं होतं. खारघरच्या एका कंपनीने तिला घेतलं होतं, पण हा प्रोजेक्ट पास झाला तरच. एक्स्टर्नलनी एक प्रोग्राम टाइप केला आणि त्यात 'टोटल' हे नाव कुठेही जाहीर न करता मुद्दाम वापरलं. स्क्रीनवर रोमन अक्षरांत, हेमांगीने तिच्या घरच्या भाषेत लिहून ठेवलेली ओळ उमटली: "टोटल कोन? या घरान नाय, भायेरच्या घरान पन नाय."

सर घाईने पुढे झाले. "हे मी बदलायला सांगितलं होतं. चूक अशी दाखवतात का? कुणाला कळणार?"

एक्स्टर्नलनी मार्कांच्या कागदावर टेकवलेलं पेन उचललं. "हो, कुणाला कळणार?"



तेवढ्यात लॅब सांभाळणारे म्हात्रेकाका चहा घेऊन आले. एक्स्टर्नल म्हणाले, "काका, हे वाचा. मशीनचं काय म्हणणं आहे?"

काकांनी हातातला ट्रे तसाच धरून एकेक अक्षर लावत ओळ वाचली.

"मंग आदी नाव लिवा ना त्याचा, सर. मंगच आत घ्या."