कोठीतली हजेरी

शुक्रवार पेठेतल्या रुद्रप्पांच्या घरात पत्र्याची मोठी कोठी होती. तीन पोती ज्वारी सहज मावावी अशी. पण आत ज्वारीचा दाणा नव्हता. होते ते त्र्याहत्तरच्या दुष्काळातल्या खडी फोडायच्या कामाचे हजेरीपट आणि खर्चाच्या पावत्या, थराथराला कडुनिंबाचा पाला घालून रचलेल्या.

रुद्रप्पा हे सरकारी ठेकेदार सिद्धाप्पांचे कारकून. अंगकाठी उदबत्तीची, हट्ट मात्र जात्याच्या पाळीचा.

अठ्ठ्याहत्तरच्या उन्हाळ्यात त्यांच्या बायकोच्या, नागव्वाबाईंच्या भावानं मंगळवेढ्याहून तीन पोती ज्वारी एस.टी.च्या टपावर टाकून आणली. कोठी अडलेली, म्हणून पोती सोप्यात आडवी झाली. आल्यागेल्याला त्यांच्यावरच बसवावं लागे.

"अवो, लोक ज्वारी कोठीत ठेवतात नि कागद रद्दीत घालतात. तुमचं सगळं उलटंच!"

"ज्वारी उंदरानं खाल्ली तर पुढल्या साली पिकती गं. हजेरी पिकत न्हाय."

नागव्वाबाईंचं माहेरचं कानडी उसळलं, "साकु! पुरे झालं. मालकबी म्हणालेत की, जाळा म्हणून!"

मालक म्हणाले होते खरं. "करारात कागद तीन वर्षं ठेवा म्हणून लिवलंय, पाच झाली. बंबात घाल की, लेका!"

"मालक, तीन वर्षं मोजायची ती शेवटचं बिल मिटल्यापासनं. ते अजून कचेरीत घोरतंय."

जूनमध्ये ते बिल जागं झालं, तेही भांडत. कचेरीचं पत्र आलं : शेवटच्या बिलातले बेचाळीस मजूर खोटे दिसतात, आठ दिवसांत पुरावा आणा, नाहीतर बिल रद्द.

सिद्धाप्पा धावतच पेठेत आले. "रुद्रप्पा, जाळलं न्हाईस न्हवं?" नोकरानं आपलं ऐकलं नसावं म्हणून सिद्धरामेश्वराला हात जोडणारा मालक पेठेनं त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला.

कचेरीत साहेबांनी गठ्ठा सोडला, तसा टेबलावर वाळका पाला सांडला. तो झटकून त्यांनी एका नावावर बोट ठेवलं. "ही दगडाबाई. इथं डावा अंगठा, पुढं तीन आठवडे उजवा, मग परत डावा. एकच बाई कशावरून?"

रुद्रप्पांनी दुसरा गठ्ठा सोडला आणि एक चिठोरी पुढं सरकवली. टिंक्चर आयोडीन, चाळीस पैसे. खाली त्यांच्याच अक्षरात : 'दगडाबाई, डावा अंगठा हातोड्याखाली.'

"खोट्या बाईला टिंक्चर कोण लावतंय, साहेब?"

साहेब हसले नाहीत. पण बाकीची एकेचाळीस नावं त्यांनी मुकाट्यानं तपासली आणि सही केली. आठवड्यात बिल मिटलं.

त्या दिवशी नागव्वाबाईंनी कोठी पुसून ठेवली होती. रुद्रप्पा गठ्ठे घेऊन आले, निंबाचा ताजा पाला तोडून आणला आणि पुन्हा थर लावायला बसले.

"आता हो काय? मिटलं न्हवं बिल?"

"मिटलं की. आज मिटलं. म्हणजे तीन वर्षं आजपासनं."

नागव्वाबाईंनी नवऱ्याकडं पाहिलं, कोठीकडं पाहिलं. मग एका पोत्यावर चादर अंथरून म्हणाल्या, "बसा. तीन वर्षं बसायचंय, उघड्या पोत्यावर टोचंल."