ब्रेकचा दिवस

मी आणि बायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे मेथी निवडणं. त्या दिवशी ती घरी होती, कारण तिचा ब्रेकचा दिवस होता. मनोरुग्णांच्या दवाखान्यात ती सोळा वर्षं कंत्राटी नर्स. अकरा महिने भरले की एक दिवस घरी बसवायचे आणि नवा कागद द्यायचे, म्हणजे कायम करायला नको.

"अहो, आज वॉर्डातली सखू गोळी घेणार नाही," ती म्हणाली. "मी आधी फुटाणा खाल्ल्याशिवाय ती तोंडच उघडत नाही."

"एक दिवस राहू दे की तुझी सखू."

संध्याकाळी छातीत कळ येऊन ती गेली. दवाखान्यात कळवलं, तर साहेब म्हणाले, "बाई आज आमच्या नोकरीत नव्हत्या."

मी चौथी शिकलेला माणूस, पण एवढं मला कळतं. कायमची जागा रिकामी होती आणि माणूस सोळा वर्षं समोर उभं होतं. अजून बाजारात मेथीची जुडी दिसली की डोकं फिरतं.

ती गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी फुटाणे घेऊन वॉर्डात गेलो. गोळी हातात धरून दुसरी नर्स सखूसमोर ताटकळली होती. मी सखूसमोर बसलो आणि आधी एक फुटाणा खाल्ला. मग तिनं तोंड उघडलं.