ब्रुअरीतलं भडंग

कागलच्या रस्त्याला माझ्या धाकट्या दिरानं बिअरची छोटी ब्रुअरी काढली, तेव्हा पै-पाहुण्यांत आमची बरीच शोभा झाली. शेतकऱ्याचं पोरगं पुण्याला जाऊन शिकलं काय, तर बिअर गाळायला! आता तेच पाहुणे सुट्टीच्या दिवशी तिथं येऊन बसतात आणि जाताना माझं भडंग बांधून नेतात. हे मी कुणालाही छातीठोकपणे सांगते, कारण तिथला खाण्याचा काउंटर मी भांडून मिळवलाय आणि भांडूनच टिकवलाय.

ब्रुअरीच्या पुढच्या बाजूला टेस्टिंग रूम आहे. लोक तिथं निरनिराळी बिअर घोट-घोट चाखतात आणि मग आवडेल ती मागवतात. सोबत काहीतरी तिखट लागतंच. दीर पाकिटातले वेफर्स ठेवणार होता. मी म्हटलं, "भावजी, कोल्हापुरात बसून माणसांना पाकिटातलं खायला घालणार? लाज कशी वाटत नाही?" लग्न झाल्यापासून मी घरच्यांचे डबे केले, रानातल्या माणसांच्या भाकऱ्या थापल्या, पाहुण्यांच्या चहाचं आधण उतरू दिलं नाही. स्वतःचं म्हणावं असं काही केलं असेल, तर ते हेच. जोडीला आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई. मसाला त्यांचा, कढईपाशी मी.

नियमांशी माझं काही वाकडं नव्हतं. लायसन काढलं, पाणी तपासून घेतलं, डोक्याला टोपी, डब्याला घट्ट झाकण, झाकणावर भडंग केल्याची तारीख. एका टेबलावरचं उरलेलं दुसऱ्या टेबलावर जायचं नाही, आत्याबाईंचा जीव कितीही तुटला तरी. शेंगदाण्यानं काही जणांना त्रास होतो म्हणून 'यात शेंगदाणे आहेत' अशी पाटी लावली, तर आमचे हे पोट धरून हसले. म्हणाले, "आता कळंब्याच्या तळ्यावर बी लाव एक पाटी, 'यात पाणी आहे' म्हणून." मी पाटी काढली नाही.

घोडं अडलं ते आत्याबाईंच्या हातापाशी. विकत द्यायच्या आधी मूठभर भडंग पाहुण्याच्या तळहातावर ठेवायचं, ही त्यांची रीत. कोण, कुठला, हे नंतर. "पावणं, हात करा फुडं," म्हणायचं आणि डब्यात हात घालायचा. मी सांगून सांगून थकले होते. हातमोजे आणून दिले, तर त्यांनी ते खुंटीला अडकवले.

एका दुपारी साधा शर्ट घातलेले एक गृहस्थ आत आले. त्यांनी तोंड उघडायच्या आत आत्याबाईंनी उघड्या हातानं त्यांच्या तळहातावर भडंगाची मूठ रिकामी केली. "खाऊन बघा की. तिखट लागलं तर सांगा!"

त्यांनी ते तसंच धरून विचारलं, "आज्जी, हात कधी धुतला होता?"

"सकाळी आंघूळ केलीया की!"

ते अन्न खात्याचे साहेब होते. माणूस वाईट नव्हता. "चव चांगलीच असणार," ते म्हणाले, "पण याच हातानं तुम्ही पैसे घेता, फडकं धरता. उघडं खाणं आहे हे." सुधारणा होईपर्यंत खाण्याचा काउंटर बंद ठेवायचा, मी पुन्हा येईन, असं सांगून ते गेले. दिवसभर टाक्या धुणारा आणि "बिअर म्हणजे निम्मं धुणंच" असं सगळ्यांना ऐकवणारा माझा दीर खाली मान घालून उभा होता.

घरी आल्यावर ह्यांनी निकाल देऊन टाकला. "आईला घरात ठेव. तुझा काउंटर वाचतोय."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. जिच्या मसाल्यावर दुकान उभं, तिलाच घरी बसवायचं? मी तोंडाला येईल ते बोलले. पण आत्याबाईच हळूच म्हणाल्या, "माझ्यापायी तुझं बंद पडाय नगं. मी न्हाय येत उद्यापासनं." मी न्हाणीघरात जाऊन रडले. त्या नसतील तर तो काउंटर मला नकोच होता.

मी त्यांना लांब दांड्याचा डाव दिला. त्यांनी तो माझ्याच पुढ्यात सरकवला. "डावानं आमटी वाढत्यात. पावण्याला असं लांबनं देत्यात व्हय?"

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांना जरा बरं वाटावं म्हणून मी दूध कट्ट्यावर घेऊन गेले. आमच्याकडं म्हशी थेट चौकात आणून बांधतात आणि गिऱ्हाइकाच्या देखत धार काढतात. गवळ्यानं बादलीतल्या पाण्यानं हात धुतले, म्हशीची कास धुतली आणि धार सरळ पेल्यात सोडली. आत्याबाई ओठांवरचा फेस पुसायच्या थांबल्या.

"समोर धुतोय म्हणून पितोय न्हवं आपण?" त्या म्हणाल्या. "आन् धुतल्या हाताचं बोट बी दुधाला लावत न्हाय त्यो."

मला पुढचं ऐकायची गरजच नव्हती. आमचं बेसिन आत, कोठीच्या मागं होतं. "भावजी, बेसिन बाहेर, काउंटरच्या शेजारी पाहिजे." त्यानं हौसेनं करून घेतलेली दगडी भिंत फोडावी लागणार होती. फोडली. आत्याबाईंनी आपणहून डाव उचलला, पण अट घातली: भडंग वाटीत नाही, पाहुण्याच्या तळहातावरच पडेल. मग तळहात धुतलेला हवा! आधी त्या सगळ्यांच्या देखत कोपरापर्यंत हात धुणार, मग पाहुणा धुणार, मग डाव.

साहेब पुन्हा आले, तेव्हा खोली भरलेली होती. बिअर चालू होती, पण साहेबांनी हो म्हटल्याशिवाय मी काही खाण्याचा काउंटर उघडला नव्हता, नुसती तयारी मांडून ठेवली होती. ते सरळ काउंटरशी गेले आणि गुपचूप हात पुढं केला.

आत्याबाईंनी डाव हवेतच थांबवला. "पावणं, आदी हात धुवा."

सगळी खोली त्यांच्याकडं बघायला लागली. साहेबांनी एकदा आत्याबाईंकडं, एकदा बेसिनकडं पाहिलं, बाह्या सरकवल्या आणि साबण लावून हात धुतले. मग डावातलं भडंग तळहातावर घेऊन, तिथंच उभं राहून खाल्लं. डबे, झाकणं, टोप्या सगळं बघून झाल्यावर म्हणाले, "करा सुरू. आणि आज्जींना इथंच ठेवा." खोलीत टाळ्या पडल्या. मला आनंदानं ओरडावंसं वाटत होतं, आणि खरं सांगायचं तर मी ओरडलेच.

ते गेल्यावर मी विचारलं, "आत्याबाई, तुम्ही साहेबांना ओळखलंच नाही?"

"न वळखाय काय झालं? दारातच वळखलं." त्या डाव पुसत होत्या. "त्यास्नीच सोडलं असतं, तर बाकीच्यांनी कशाला धुतलं असतं हात?"

तेवढ्यात आमचे हे आत आले आणि सवयीनं डब्याकडं वळले. आत्याबाईंनी नुसतं बघितलं. ते मुकाट्यानं बेसिनकडं गेले.