न मारलेली हाक

सुरतेतल्या लिंबायतच्या लूम कारखान्यात आम्ही दोघे भाऊ बारा-बारा तास उभे असायचो, पण तोंडाने बोलत नसू. त्या खडखडाटात बोलून उपयोगच नव्हता. धागा तुटला, पाणी आण, शेठ आले, सगळं हातवाऱ्यांनी आणि एकमेकांचे ओठ बघून चालायचं. दादा माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा. खानदेशातून त्यानेच मला सुरतेला आणलं आणि चार लूम माझ्या गळ्यात बांधले. दोन रांगांमधल्या बोळात आडवं वळलं तरी कोपर लागायचं. वर एकच जाळीची खिडकी. तिच्याकडे बघून मी रोज सुरतेला शिव्या घालायचो, दादालाही घालायचो, मनातल्या मनात.

नव्वदचं दशक अर्धं सरलं होतं. आमचे शेठ कुठल्याशा बोट क्लबात जायचे. त्यांनी हौसेने एक कॅटामरान घेतली होती, म्हणजे दोन अरुंद होड्या शेजारी-शेजारी, मध्ये ताणलेला कॅनव्हास आणि वर शीड. क्लबाने दोन दिवसांची शर्यत ठरवली. तापीतून समुद्रात उतरायचं, किनाऱ्याने दक्षिणेला जायचं, दुसऱ्या दिवशी परत यायचं. बोटीत फक्त दोन माणसं. शेठचा भाचा पहिल्याच सरावात ओकून मोकळा झाला. मग शेठनी कारखान्यात विचारलं, पोहता कोणाला येतं? आम्ही तापीकाठी वाढलेलो. दादाच्या आधी माझा हात वर गेला.

शेठनी शब्द दिला, पहिल्या तिनांत आलात तर दोघांना क्लबात बोटी सांभाळायचं कायमचं काम. मला दुसरं काही ऐकूच येईना. लाईट नसली की कारखाना बंद असायचा, त्या प्रत्येक दिवशी आम्ही सराव केला. क्लबाच्या जुन्या खलाशाने भरती-ओहोटी समजावून सांगितली, तेव्हा मी गालात हसलो होतो. "तापी आपलीच शे, ती आपले काय बुडाडी?" असं मी दादाला म्हणालो. आमच्याकडची तापी एकाच दिशेला वाहते. पायाखालून पळून जात नाही.

पहिला दिवस हाताची सालटी काढणारा गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास आम्ही नदीच्या मुखाशी परत आलो, तेव्हा चौथे होतो. तिसरी बोट हाकेच्या अंतरावर. ओहोटी जोरात लागलेली, समोरून पाणी अंगावर येत होतं. काठाजवळ, गाळाच्या उंचवट्याच्या आतून गेलं तर ओढ कमी आणि वाटही जवळची, म्हणून मी बोट तिकडे घातली. आमचं ठरलेलं होतं. मागे बसून सुकाणू मी धरायचं आणि पाण्यावर नजर ठेवायची. दादा पुढे, माझ्याकडे पाठ करून, शिडाची दोरी धरून. पाणी उथळ झालं की मी हाक मारायची, त्याने दोरी सोडायची आणि आम्ही बाहेर वळायचं.

पाणी गढूळ आणि जड, म्हणजे उथळ झालेलं मला दिसलं होतं. स्वच्छ दिसलं होतं. पण तिसरी बोट अगदी जवळ आली होती आणि मला वाटलं, निघून जाऊ. मी तोंड मिटून बसलो.

बोट घसरत घसरत थांबली. दादाने खाली पाय टाकला तर मांडीपर्यंत गेला. कसाबसा ओढून काढला. आम्ही काठ्या रोवल्या, जोर लावला, तोवर भोवतीचं पाणी निघून गेलं. लांब खोल पाण्यातून एकेक बोट पुढे जात होती. एकाने हात हलवला. रागाने मला रडू आलं.

दादा वळला आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिला. "तू हाक मारी व्हती का?"

मी मान हलवली. हो म्हणालो.

त्याचा चेहरा उतरला. तो माझ्यासमोर मांडी घालून बसला. "माले आयकू नही उनं," तो म्हणाला. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. दोन वर्षांपासून त्याचे कान जवळजवळ गेले होते. मागून अगदी मोठ्याने ओरडलं तरच थोडंफार कळे, त्यावरच सरावात निभावलं होतं. घरी वहिनीचे, माझे, सगळ्यांचे ओठ बघून तो चालवून नेत होता. कारखान्यात सगळेच ओठ वाचतात, तिथे कोणाला कळणार? "मन्हा पायी तुन्हं काम गयं," म्हणाला, आणि त्याने माझे दोन्ही हात धरले.

पाणी परत यायला सहा तास लागले. एवढासा कॅनव्हास, वर ऊन, चहूकडे चिखल आणि समोर दादा. लूमच्या बोळातून निदान लघवीच्या निमित्ताने बाहेर पडता यायचं. इथे मान वळवायचीही सोय नव्हती, कारण माझे ओठ दिसावेत म्हणून तो सारखा समोर येऊन बसे. त्याने आपल्या वाटची भाकरी मला दिली. मी ती खाल्ली. खरं बोलायला मला सहा तास मिळाले होते आणि मी भाकरी खाल्ली.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे लूमवर उभे राहिलो. पुढे मी आणखी नऊ वर्षं काढली, दादाने त्याहून जास्त. लग्नकार्यात तो मला पुढे करून पाहुण्यांना सांगतो, माझ्या कानांनी ह्याची चांगली नोकरी घालवली. लोक हळहळतात. मी खाली बघतो.

आता त्याला अजिबात ऐकू येत नाही. मागच्या उन्हाळ्यात तो ओट्यावर पाठमोरा बसून शेंगा फोडत होता. मी मागे उभा राहिलो आणि मोठ्याने म्हणालो, "दादा, मी हाक मारीच नव्हती." समोरच्या घरातली बाई खिडकीत आली. दादा शेंगा फोडत राहिला. त्याच्या समोर जाऊन बसायला चार पावलं लागली असती. मी आत जाऊन त्याच्यासाठी पाणी घेऊन आलो.