ट्रेनिंगची एकच जागा

ज्ञानेश बिरादार हा माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. पुढे जे घडलं त्यात तो फारसा चांगला दिसत नाही.

उदगीरला डिप्लोमा करून तो आला आणि महाळुंग्यात गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत, स्टोअरमध्ये चिकटला. मग कंपनीत नवं सॉफ्टवेअर आलं. माल, बिलं, हजेरी, गेटपास, सगळं एकाच फ्रेमवर्कवर, म्हणजे बाहेरून घेतलेल्या तयार सांगाड्यावर. ते बसवून देणारी माणसं निघून गेली की काहीतरी अडायचं, आणि ज्ञानेश व्हिडिओ बघून बघून ते चालू करायचा. असं करता करता गडी डेव्हलपर झाला. त्याची पद्धत एकच. गेटवर ट्रक खोळंबला की चालू सिस्टीममध्येच, थेट फ्रेमवर्कच्या मूळ कोडमध्ये हात घालायचा, दुरुस्ती ठोकायची आणि ट्रक सोडायचा. दिवसातून कितीदा तरी कुणीतरी म्हणायचं, ज्ञानेशला बोलवा. खरं सांगायचं तर तो त्या दोन शब्दांवर जगत होता.

यंदा फ्रेमवर्कची नवी आवृत्ती बसवायची ठरली. त्याआधी वाकडला डेव्हलपरांसाठी आठवडाभराचं ॲडव्हान्स ट्रेनिंग होतं. कंपनीने त्यात जागा घेतली एकच. जो जाईल तोच पुढे नव्या आवृत्तीचं काम बघेल, असं आयटीचे प्रमुख उद्धवराव बोलून चुकले होते. ज्ञानेशने मनातल्या मनात शर्टसुद्धा काढून ठेवले. उद्धवरावांनी नाव घेतलं ते स्वरूपाचं.

स्वरूपा कड चाकणजवळच्या शेतकरी घरातली. कंपनीत येऊन तिला जेमतेम दोन वर्षं झालेली, आणि पहिले धडे तिला ज्ञानेशनेच दिलेले. तो उद्धवरावांच्या केबिनमध्ये गेला, तर ते हसत म्हणाले की तू आठवडाभर गेलास तर इथले ट्रक कोण सोडणार? आता याला कौतुक म्हणायचं की पायातली बेडी, ते ज्याचं त्याने ठरवावं.

त्या दिवसापासून ज्ञानेशच्या मनात जी जळजळ सुरू झाली ती थांबेना. कंपनीच्या बसमध्ये स्वरूपा खिडकीशी बसलेली दिसली तरी त्याला वाटायचं, बघा, खिडकीची जागासुद्धा हिलाच. काळेवाडीतल्या घरी बायको विजयश्री म्हणाली, तुम्हीच शिकवलेली मुलगी ना, मग पेढे आणा की. तो अर्ध्या जेवणावरून उठला.

ट्रेनिंगला येताना आपल्या कंपनीतला एखादा चालू कोड सोबत आणायचा होता. स्वरूपाने तो ज्ञानेशकडे मागितला. देण्याजोगं नीटनेटकं काम त्याच्याकडे होतं. पण त्याने शोधून काढला तो गेटपासचा कोड. ठिगळावर ठिगळ लावलेला, लिहिणाऱ्यालाच धड उमगत नसलेला. वर सांगितलं, हा सोपा आहे. बसू दे तिला चारचौघांत डोकं खाजवत. तो कोड आपलाच आहे आणि हसं झालंच तर कुणाचं होईल, एवढी साधी गोष्ट या शहाण्याच्या लक्षात आली नाही.

ट्रेनिंगच्या आठवड्यात तिचा फोन आला तो त्याने उचलला नाही. वाजून वाजून थांबला तेव्हा त्याला जरा बरंही वाटलं.

रविवारी काळेवाडीतल्या चहाच्या टपरीवर त्याला बुद्धभूषण भेटला. त्याचा जुना सोबती, आता भोसरीच्या कंपनीत. तोही त्याच ट्रेनिंगला जाऊन आलेला. तोच आपणहून सांगू लागला. तुमच्या गेटपासचा कोड पडद्यावर लावला आणि अख्खा वर्ग हसला. शिकवणाऱ्या सरांनी विचारलं, मूळ कोडमध्ये अशी ढवळाढवळ करतं कोण? नवी आवृत्ती बसली की हे सगळं पुसलं जाणार.

ज्ञानेशने चहाचा ग्लास खाली ठेवला. "मग? तिने नाव सांगितलं?"

"नाव काय सांगायचं भावा, तिचाच ना तो कोड? उभी राहून म्हणाली, माझा आहे. गेटवर ट्रक उभे होते म्हणून असा लिहिला." बुद्धभूषणने चहा संपवला. मग रोज मागे थांबून तिने तो सगळा कोड मूळ फाइलींतून बाहेर काढला आणि वेगळा, नीट बांधला म्हणे. शेवटच्या दिवशी सरांनी तोच सगळ्यांना नमुना म्हणून दाखवला.

सोमवारी बसमध्ये ज्ञानेश स्वतःहून तिच्या शेजारी जाऊन बसला.

"माझं नाव का नाही सांगितलंस?"

"तुम्ही तिथं नव्हता ना दादा," स्वरूपा म्हणाली. "कुणाचं नाव घ्यायचं तर तो समोर पाहिजे, त्याला उत्तर देता आलं पाहिजे."

एवढं बोलून तिने लॅपटॉप उघडला. गेटपासच्या कोडमध्ये ट्रकच्या वजनकाट्याच्या भागात दोन गोष्टी अजून अडल्या होत्या, त्यासाठीच फोन केला होता, म्हणाली. ज्ञानेश सांगू लागला, पण त्याचं चित्त तिथे नव्हतं. हट्ट धरला असता तर ट्रेनिंगच्या पुढच्या तुकडीत त्यालाही जागा मिळाली असती आणि ट्रेनिंगची जळजळ तिथेच संपली असती. पण तिच्या जागी तो असता तर त्याने पहिल्या हशालाच तिचं नाव सांगून टाकलं असतं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. स्वरूपाचा खरा हेवा त्याला त्या सकाळी वाटला.