पायात सापडलेला नांगर

काशिनाथ बोरसेंच्या घराचा पाया खणताना पहार लोखंडाला लागली. उकरल्यावर माणसाहून लांब दांडा दिसला. बोटीचा नांगर. कतारगामात, तापीपासून बऱ्याच आत.

मी तेव्हा सुरतेत व्हॅल्युअर होतो. बंद पडलेल्या गिरण्यांची मशिनरी बघून तिची किंमत ठरवायची, हे माझं काम. बोरसे आमच्या खानदेशातले, लूमवर कामाला. शेजारी त्यांना सांगत होते, गॅस कटरनं कापून भंगारात टाका. जुना निघाला तर सरकार बांधकाम थांबवेल. भाड्याची खोली महिन्याअखेर सोडायची होती. तरीही बोरसे मला बोलवायला आले.

नांगराचं वय त्याच्या आकारावरून कळतं. नव्या नांगराचे हात कमानीसारखे वळलेले असतात. याचे सरळ होते आणि खाली टोकाशी जुळत होते. वर आडवा दांडा नव्हता. तो लाकडाचा असणार, कुजून गेलेला; लाकूड सरकू नये म्हणून ठेवलेले दोन उंचवटे मात्र शाबूत होते. वेल्डिंग कुठेच नाही. गंजून पापुद्रे सुटले होते, त्यात एकावर एक ठोकून जोडलेल्या लोखंडी पट्ट्या दिसत होत्या. माझ्या अंदाजानं नांगर दीडशे वर्षांहून जुना होता.

ऑफिसात मेहतासाहेब म्हणाले, भंगार लिहून टाक, गरिबाचं घर अडकेल. ते मनापासून बोलत होते. मलाही तसंच वाटत होतं.

संध्याकाळी मी बोरसेंना सगळं सांगितलं. ते बायकोकडे बघत राहिले. सिंधूताई म्हणाल्या, “जे शे तेच लिखा, भाऊ. आमले त्याच घरमा ऱ्हानं शे.”

मी तेच लिहिलं. लोखंडाच्या वजनाची किंमत टाकली, पण खाली नोंद केली, नांगर कापू नये, जुना आहे. बोरसेंनी स्वतः कलेक्टर कचेरीत कळवलं. काम थांबलं. खोली सुटल्यावर दोघं आमच्याकडे राहिले. रोज सकाळी आमच्या उठण्याआधी सिंधूताईंचा चहा तयार असायचा. सरकारी माणसांनी आणखी खणून पाहिलं, काही निघालं नाही. नांगर म्युझियमला गेला, घर उभं राहिलं.

बहुतेक क्लायंट मी मोजायची टेप उघडण्याआधी त्यांना हवा तो आकडा सांगत. या दोघांनी खरं काय तेवढंच मागितलं. त्यांचे उपकार मी अजून मानतो. मालकाला काय हवंय ते ऐकून घ्यावं. टेप लावताना विसरावं.