परमिटवाला कोंडीराम

करंजवाडीच्या ग्रामपंचायतीचा शिपाई कोंडीराम. उभ्या जन्मात त्यानं दारूला हात लावला नव्हता, आणि अख्ख्या गावात दारू प्यायचं सरकारी परमिट होतं ते त्याच्या एकट्याच्या नावावर. आता बोला!

गोष्ट सदुसष्ट सालची. राज्यात दारूबंदी होती. म्हणजे दारू नव्हती असं नाही. ओढ्याकाठच्या भट्ट्यांना कोण विचारतो? पण लेबलवाली विलायती बाटली हवी तर परमिट लागायचं, आणि ते मिळायचं आजारी माणसाला. दारूवाचून प्रकृती ढासळते, असा डॉक्टरचा दाखला जोडावा लागे.

करंजवाडी दिघीच्या पलीकडची. भोसरीच्या माळावर कारखाने उठत होते आणि गावातली दहावीस पोरं कंपनीत चिकटवायचीच, असं सरपंच मारुतरावांनी मनावर घेतलं होतं. माणसाचा हेतू वाईट नव्हता, खोटं कशाला बोला? पण कंपनीचा साहेब गावच्या कार्यक्रमाला आला की गुळाचा चहा बघून नाक मुरडायचा. तालुक्याच्या साहेबांचंही तेच. मारुतरावांनी ठरवलं, पाहुण्यांसाठी बाटली ठेवायची. पाहुणे पंचायतीचे, तर खर्चही पंचायतीचाच. आणि सगळं कायद्यात बसवून, कारण सरपंच पोलिसाला भारी भ्यायचे.

मग परमिट कुणाच्या नावावर? सरपंचांनी स्वतःच्या नावावर घेतलं असतं तर पुढची निवडणूक गेली म्हणून समजा. दोन सभासद मोठ्या हौसेनं पुढं झाले. मारुतराव त्यांना म्हणाले, "तुमच्या हातात बाटली दिली तर ती गावात रिकामीच यायची! कोंडीराम पीत न्हाई. त्योच लायक मानूस."

"अण्णा, मला कसला आजार लावताय?" कोंडीराम काकुळतीला आला.

"झोप लागत न्हाई म्हन."

"पडल्या पडल्या लागती की!"

"आजपासनं लागत न्हाई!"

शिपायाची नोकरी, नाही कोणत्या तोंडानं म्हणणार? गेला बिचारा पुण्याला. सरपंचांचा कोट अंगात घालून फोटो काढला. जन्मातला पहिला फोटो, आणि तो चिकटला दारूच्या पुस्तिकेवर! घरी कस्तुराबाईनं हात पदराला पुसून पुस्तिका धरली आणि म्हणाली, "फोटू मातुर झ्याक आलाय." तिला वाचता येत नव्हतं हे एक बरं झालं.

तेव्हापासून दर समारंभाला कोंडीराम खडकीच्या दुकानातून बाटली आणायचा. पिशवीत तळाला बाटली, वर मेथीची जुडी. गावात आला की बाटली ऑफिसच्या कपाटात जायची आणि पुस्तिका सरपंचांच्या खिशात. दुकानदार आदबीनं विचारायचा, "काय राव, तब्येत कशी?" कोंडीराम मान खाली घालून म्हणायचा, "बरी न्हाई." लाजेनं त्याला खरंच बरं वाटत नसे.

त्यातच त्याच्या लेकीची, शालनची सोयरीक आली. निघोज्याचे लक्ष्मणराव, मुलगा कंपनीत फिटर. असं स्थळ दिवा घेऊन शोधलं तरी सापडायचं नाही. लक्ष्मणरावांचा धाकटा भाऊ दारूपायी मेला होता. त्यांची एकच अट होती: हुंडा नको, मानपान नको, पण व्याह्याच्या घरात दारू नको. कोंडीरामनं छातीवर हात ठेवून सांगितलं, "माज्या घरात थेंब न्हाई." आणि त्या रात्रीपासून त्याची झोप खरोखरच उडाली.

पुढच्या रविवारी सकाळी गावच्या पाण्याच्या टाकीचं उद्घाटन होतं. लक्ष्मणराव सुपारी फोडायला आलेच होते, तर सरपंचांनी त्यांना आग्रहानं मांडवात पहिल्या सतरंजीवर बसवलं. साहेबाच्या गाडीचा पत्ता नव्हता. माणसं ताटकळली. तेवढ्यात गोजाबाई उठल्या. या पंचायतीच्या सभासद, आणि तोंडाच्या महा फटकळ.

"सरपंच, टाकीच्या खर्चात पाव्हण्यांच्या सरबराईला तीस रुपये लावलेत. पेढं तर कुटं दिसंनात. हापिसाच्या कपाटात बाटली हाय, ती मी माज्या डोळ्यांनी बघितली!"

"गोजाबाई, साहेब खूश झाला तर आपल्या पोरांस्नी नोकऱ्या लागतील. गावाच्या भल्यासाठीच हाय ते."

"मग तुमच्या खिशातनं पाजा की! आमी घरपट्टी भरतो ती काय साहेबाच्या घशात वतायला व्हय? टाकीच्या नळाला अजून तोटी न्हाई, आन् साहेबाला बाटली!"

लोकांनी टाळ्या पिटल्या. मारुतरावांची पाचावर धारण बसली. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, तसा त्यांना कोंडीराम दिसला.

"ती बाटली पाव्हण्यांची न्हाईच मुळी!" ते ओरडले. "कोंडीरामच्या औषधाची हाय! हे बघा परमिट, फोटूसकट. गरीब नोकराच्या दुखण्याला पंचायतीनं हातभार लावला, तर काय पाप केलं?"

पुस्तिका हातोहात फिरत लक्ष्मणरावांपाशी पोचली. त्यांना वाचता येत होतं. त्यांनी वाचलं, फोटो बघितला, कोंडीरामकडे बघितलं, टोपी सारखी केली आणि "येतो आमी" म्हणून उठले. बायकांत बसलेल्या कस्तुराबाईनं तोंडाला पदर लावला.

कोंडीराम दोन्हीकडून अडकला. खरं बोलावं तर नोकरी जाते, गप्प बसावं तर लेकीचं लग्न मोडतं. बावीस वर्षं या माणसाच्या तोंडून "व्हय अण्णा"शिवाय शब्द निघाला नव्हता. तो ऑफिसात गेला आणि बाटली घेऊन बाहेर आला.

"कोंड्या, आत ठेव ती!"

"का बरं अण्णा? औषध माजं हाय, तुमीच म्हनाला समद्या गावाम्होरं. परमिट माजं, फोटू माजा, मग बाटली बी माजीच. तिचं काय बी करीन!"

करीन म्हणाला खरा, पण झाकण कसं उघडतात हे कुठं माहीत होतं? उलटंच पिळत बसला. परमिटाला हौसेनं पुढं झालेले ते दोन सभासद मदतीला धावणारच होते, गोजाबाईंनी डोळे वटारले म्हणून बसले. शेवटी दातानं सील तोडून कोंडीरामनं झाकण काढलं आणि सगळी बाटली टाकीच्या पायथ्याशी मातीत ओतली. "अरारारा!" मागून कुणीतरी कळवळलं. मारुतरावांची पंचाईत झाली. आपलंच औषध सांडलं म्हणून शिपायाला काढायचं, तर कागदावर कारण काय लिहिणार? कोंडीरामनं शेवटचा थेंब झटकला आणि रिकामी बाटली सरपंचांच्या टेबलावर ठेवली.

लक्ष्मणराव मांडवाच्या कडेला थबकले होते. ते परत आले.

"माजा भाऊ बाटली कवटाळून झोपायचा," ते म्हणाले. "सांडल्याली भुईवरनं चाटताना मी बघितलाय त्याला. पिनाऱ्याच्या हातनं हे व्हनार न्हाई. सुपारी आना."

ते ऐकलं आणि कोंडीरामचं सगळं अवसान गळालं. पाय लटलट कापायला लागले, डोळ्यांपुढं अंधारी आली आणि तो मटकन खाली बसला.

"अगं बया!" कस्तुराबाई रडता रडता हसली. "आता मातुर तुमी खरंच पिल्यावानी दिसताय!"

सगळा मांडव हसला. लक्ष्मणरावांनी व्याह्याच्या काखेत हात घालून त्याला उभं केलं. माणसाला असं उचलायची त्यांना भावामुळे सवय होती. हसत हसत मात्र त्यांनी आज पहिल्यांदाच कुणाला उचललं.